टेस्टचे निकाल डेटाबेसमध्ये साठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आमच्या टीमच्या ऑटोमेशन टेस्टच्या निकालांचा डेटाबेस मी सांभाळते आहे. टीममधले, जुने सहकारी, क्यूएमध्ये (गुणवत्ता तपासणीत) नव्याने आलेली मुलं-मुली, सगळ्यांकडून त्याच त्या शंका येतात, म्हणून त्या इथे एकत्र केल्या. उदाहरणं पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत. मायएसक्यूएलमध्ये जिथे फरक पडतो, तिथे तसं लिहिलं आहे. घाई असेल तर प्रश्न २, ५ आणि १० आधी वाचा.

१. जेनकिन्समध्ये रिपोर्ट दिसतोच की. मग वेगळा डेटाबेस कशाला?

जेनकिन्स म्हणजे कोड आपोआप बांधून टेस्ट चालवणारं साधन. अशा एका फेरीत, म्हणजे एका बिल्डमध्ये, काय झालं हे तो उत्तम दाखवतो. पण एरवी तो निकाल त्या बिल्डच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवतो. डिस्क भरली की जुनी बिल्ड काढावी लागतात, आणि त्यांच्याबरोबर निकालही जातात. शिवाय आपले खरे प्रश्न अनेक बिल्डमधून आडवे जाणारे असतात. ही टेस्ट मार्चपासून किती वेळा पडली? फक्त फायरफॉक्सवर पडते का? पूर्वी चार सेकंदांत व्हायची, तिला वीस सेकंद कधीपासून लागायला लागले? ही उत्तरं फाइली उघडून मिळत नाहीत, एका क्वेरीत मिळतात.

पन्नास टेस्ट असतील आणि त्या दिवसातून एकदा चालत असतील, तर मात्र याची गरज नाही.

२. सुरुवात किती टेबलांनी करू?

तीन टेबलांनी: टेस्ट, रन आणि निकाल.

‘टेस्ट’ टेबलात प्रत्येक टेस्टची ओळख एकदाच येते. ‘रन’मध्ये, म्हणजे टेस्टच्या एका फेरीच्या नोंदीत, कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल), ब्रँच (कोडची शाखा), वातावरण, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि बिल्डची लिंक. ‘निकाल’मध्ये कोणती टेस्ट, कोणत्या रनमध्ये, कितव्या प्रयत्नात, काय झालं आणि किती मिलिसेकंद लागले. फेलचा मेसेज आणि स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठून आली याचा माग) फक्त पडलेल्या टेस्टना असतो, म्हणून तो चौथ्या टेबलात गेला तर निकालाच्या ओळी सडपातळ राहतात. कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, आज बहुतेक ठिकाणी ४० अक्षरांचा असतो. तरी कॉलम ६४ चा ठेवा, कारण कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये एसएचए-२५६ या लांब हॅशचा पर्याय आलेला आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘टेस्ट’ टेबलातच ‘शेवटचा निकाल’ नावाचा कॉलम ठेवून तो रोज रात्री बदलत राहणं. गावचा सातबारा पाहिलेल्यांना मी फेरफार नोंदवहीचं उदाहरण देते. सातबाऱ्यावर आजची स्थिती दिसते, पण ती कशी आली हे गाव नमुना ६ मधल्या फेरफार नोंदी सांगतात. तिथे जुनी नोंद खोडत नाहीत, नवी नोंद पुढे लागते. आपलं ‘निकाल’ टेबल ही फेरफार नोंदवही आहे आणि डॅशबोर्ड हा तिच्यावरून निघालेला सातबारा. सातबाराच तेवढा ठेवला आणि नोंदवही फेकून दिली, तर वाद मिटवायला काहीच उरत नाही.

३. जेयुनिटची (जावाच्या टेस्ट फ्रेमवर्कची) एक्सएमएल फाइल तशीच एका कॉलममध्ये टाकली तर?

मूळ फाइल जपून ठेवा, पण ती ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइली ठेवण्याच्या वेगळ्या जागेत), काही आठवडे. पार्सरमध्ये, म्हणजे फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये, चूक सापडली तर पुन्हा भरता येतं. ती चूक सापडतेच, कारण हा फॉरमॅट सगळे वापरत असले तरी त्याचं अधिकृत प्रमाण कोणी ठरवलेलं नाही. अँट या जावाच्या बिल्ड साधनाच्या जेयुनिट टास्कमुळे तो रूढ झाला आणि पुढे प्रत्येक साधनाने त्यात आपापली भर घातली.

डेटाबेसमध्ये मात्र ओळी पाडूनच भरा. ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम, अ‍ॅपची आवृत्ती अशा ज्या गोष्टींवर रोज गाळणी लावता, त्यांना स्वतःचे कॉलम द्या. वातावरणाची उरलेली किरकोळ माहिती ‘रन’मध्ये एका जेसनबी (जेसन माहिती साठवणाऱ्या) कॉलममध्ये गेली तरी चालेल. पोस्टग्रेसमध्ये ९.४ पासून ती सोय आहे.

४. पास आणि फेल एवढ्या दोन स्थिती पुरत नाहीत का?

नाही. निदान चार ठेवा: पास, फेल, एरर, स्किप.

जेयुनिटमध्ये फेल म्हणजे असर्शन (टेस्टमधली अपेक्षा) खोटं ठरलं आणि एरर म्हणजे अनपेक्षित एक्सेप्शन आलं. पायथनच्या पायटेस्टमध्ये अर्थ वेगळा आहे. तिथे टेस्टच्या आत कुठलंही एक्सेप्शन आलं तरी ते फेल, आणि फिक्श्चरच्या (टेस्टभोवतीच्या तयारीच्या) सेटअपमध्ये किंवा टीअरडाउनमध्ये (नंतरच्या आवराआवरीत) गडबड झाली तर एरर. त्यामुळे दोन्ही भाषांतल्या टेस्ट एकाच टेबलात असतील, तर ‘यंदा एरर वाढले’ असं एकत्र म्हणू नका. रनमध्ये फ्रेमवर्कचं नाव ठेवा आणि आकडे वेगळे काढा.

पायटेस्टचा ‘एक्सफेल’, म्हणजे फेल होणारच असं आधी सांगितलेली टेस्ट, एक्सएमएलमध्ये स्किप म्हणून येते. टाइप तपासून तिला पाचवी स्थिती द्या, नाहीतर माहीत असलेले बग स्किपच्या आकड्यात दडून बसतात. पाचवीपेक्षाही महत्त्वाची एक स्थिती आहे, ‘चाललीच नाही’. ती प्रश्न १० मध्ये.

५. टेस्टची ओळख नावावरून ठरवावी का? आमच्या टेबलात दर रनला नव्या टेस्ट तयार होतात.

ओळख नावावरूनच ठरते, पण ते नाव स्थिर हवं. दर रनला नव्या टेस्ट दिसत असतील, तर पॅरामीटर असलेल्या, म्हणजे वेगवेगळी मूल्यं देऊन चालवलेल्या, टेस्टची नावं आधी पाहा. नावात आजची तारीख, यादृच्छिक आयडी किंवा जावाच्या ऑब्जेक्टचा ‘अ‍ॅट’ चिन्हानंतरचा हॅश शिरलेला असतो. मग तीच टेस्ट रोज नवा जन्म घेते आणि तिला इतिहासच उरत नाही. याचा इलाज डेटाबेसमध्ये करू नका. टेस्टच्या कोडमध्ये पॅरामीटरला वाचनीय, कायमचं नाव द्या. भरताना रेगेक्सने (मजकुराचा नमुना जुळवून) नाव साफ करण्याचा मोह आम्हीही आवरला नव्हता. दोन वेगवेगळ्या टेस्ट एकीत मिसळल्या आणि ते लक्षात यायला बराच काळ गेला.

ओळखीसाठी प्रोजेक्ट, फाइल किंवा क्लास, टेस्टचं नाव आणि पॅरामीटर हे चार भाग लागतात. त्यांच्यावर युनिक बंधन (तीच नोंद दोनदा येऊ न देणारा नियम) लावताना तीन खड्डे आहेत.

पहिला: पॅरामीटर नसेल तिथे नल (मूल्यच नाही) ठेवलात, तर डेटाबेस दोन नल सारखे मानत नाही आणि एकच टेस्ट पुन्हा पुन्हा घुसते. पोस्टग्रेस १५ पासून बंधन लावतानाच नल वेगळे मानू नयेत असं सांगता येतं. त्याआधीच्या आवृत्तीत आणि मायएसक्यूएलमध्ये नलऐवजी रिकामी स्ट्रिंग ठेवा.

दुसरा: मायएसक्यूएल ८ चं मूळ कोलेशन (अक्षरं ताडून पाहण्याचे नियम) लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही. नावात फक्त एका कॅपिटल अक्षराचा फरक असलेल्या दोन टेस्ट तिथे एकच ठरतात. नावांच्या कॉलमला बायनरी कोलेशन द्या.

तिसरा: लांबी. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये इंडेक्सची की जास्तीत जास्त ३,०७२ बाइट, म्हणजे चार बाइटच्या हिशेबाने ७६८ अक्षरं. पोस्टग्रेसच्या बी-ट्री इंडेक्समध्ये सुमारे २,७०० बाइट. देवनागरी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट घेतात आणि एका जोडाक्षरात अशी तीन-तीन चिन्हं असतात, त्यामुळे मराठी वाक्यं पॅरामीटर म्हणून देणाऱ्यांना ही मर्यादा लवकर भेटते. चारही भागांचा मिळून एसएचए-२५६ हॅश काढा आणि युनिक बंधन त्याच्यावर लावा.

टेस्टचं नाव खरोखरच बदललं, तर ‘टेस्ट’ टेबलात ‘पूर्वीची टेस्ट’ असा कॉलम ठेवून नवी ओळ जुनीला जोडा. जुन्या ओळीतलं नाव बदलू नका. गेल्या महिन्याचा लॉग उघडणाऱ्याला तिथे जुनंच नाव दिसणार आहे.

६. फेल झालेली टेस्ट लगेच पुन्हा चालवली आणि पास झाली. पहिला फेल खोडायचा का?

नाही. म्हणून तर निकालात ‘कितवा प्रयत्न’ हा कॉलम आहे. पहिल्या प्रयत्नाची फेलची ओळ राहू द्या, दुसऱ्याची पासची तिच्याखाली येऊ द्या. बिल्ड हिरवं धरायचं की लाल, हे शेवटच्या प्रयत्नावरून ठरवा. तो धोरणाचा प्रश्न आहे आणि उद्या बदलू शकतो.

मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनातलं टेस्ट चालवणारं शुअरफायर पुन्हा चालवलेल्या टेस्टसाठी एक्सएमएलमध्ये वेगळे टॅग लिहितं: शेवटी पास झाली तर ‘फ्लेकी फेल्युअर’, शेवटपर्यंत पडली तर ‘रीरन फेल्युअर’. बरेच घरगुती पार्सर हे टॅग वाचतच नाहीत आणि आधीचे प्रयत्न मुकाट्याने गाळतात. तुमचा वाचतो का, हे आजच तपासा.

७. मग टेस्टला ‘फ्लेकी’ असा कॉलम देऊन ठेवू का?

नको. फ्लेकीपणा हा काढलेला निष्कर्ष आहे. तीच टेस्ट, तोच कमिट, तेच वातावरण, आणि त्यात पासही आहे व फेलही आहे, तर ती फ्लेकी. ही क्वेरी व्ह्यूमध्ये (नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत) ठेवा. कॉलममध्ये लिहून ठेवलेला शिक्का कोणी काढत नाही. टेस्ट दुरुस्त होते, शिक्का तसाच राहतो, आणि पुढे खरा बग आला तरी ‘ती फ्लेकीच आहे’ म्हणून सगळे पुढे जातात.

गुगलने २०१६ मध्ये स्वतःच्या टेस्टबद्दल लिहिलं होतं की सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमी-जास्त फ्लेकीपणा आहे, आणि पासवरून फेलवर गेलेल्या बदलांपैकी ८४ टक्क्यांत फ्लेकी टेस्टचा संबंध आहे. लाल दिसलेल्या प्रत्येक टेस्टमागे धावण्याआधी ही क्वेरी चालवणं किती वेळ वाचवतं, ते यावरून समजा.

८. एकच रिपोर्ट दोनदा भरला गेला. कसं टाळायचं?

रनला सीआयकडून (जेनकिन्ससारख्या साधनाकडून) येणारी ओळख द्या: जॉबचं नाव, बिल्ड क्रमांक आणि शार्ड (टेस्टचा वाटून दिलेला गट). त्यावर युनिक बंधन लावा. निकालात रन, टेस्ट आणि प्रयत्न या तिन्हींवर मिळून दुसरं बंधन. मग तोच रिपोर्ट दहा वेळा पाठवला तरी ओळी तेवढ्याच राहतात.

दोन अपवाद छळतात. पायटेस्टमध्ये टेस्ट फेल झाली आणि तिचं टीअरडाउनही कोसळलं, तर एक्सएमएलमध्ये त्याच नावाच्या दोन नोंदी येतात, एक फेलची आणि एक एररची. हा दुसरा प्रयत्न नव्हे. म्हणून ‘टप्पा’ असा छोटा कॉलम ठेवा आणि तोही बंधनात घ्या.

दुसरा अपवाद जास्त फसवा आहे. वर्कस्पेस साफ न करता बिल्ड चालवलं की कालच्या एक्सएमएल फाइली तिथेच पडून असतात आणि आजच्या म्हणून भरल्या जातात. युनिक बंधन इथे काही करू शकत नाही, कारण रन नवा आहे. फाइल बदलल्याची वेळ रन सुरू होण्याच्या आधीची असेल, तर ती भरू नका आणि तसा इशारा द्या.

९. रात्री दीडला चाललेला रन डॅशबोर्डवर आदल्या तारखेला का दिसतो?

कारण आपल्याकडचे रात्रीचे १:३० म्हणजे यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीचे २०:०० आणि तुमची क्वेरी यूटीसीच्या तारखेने गट पाडते आहे. साठवण यूटीसीतच ठेवा, पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनसह असलेला टाइमस्टँप वापरा. गट पाडताना ‘एशिया/कोलकाता’मध्ये बदलून मग तारीख काढा. एक लक्षात असू द्या, नावात टाइमझोन असला तरी तो प्रकार मूळ झोन साठवत नाही. पुण्यातली आणि जर्मनीतली मशीन एकत्र असतील आणि स्थानिक वेळ महत्त्वाची असेल, तर झोनचं नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवा.

१०. रन मध्येच मेला. ज्या टेस्ट चालल्याच नाहीत, त्यांचं काय करायचं?

बहुतेक जण हा प्रश्न रन मेल्यावर विचारतात. पण रन मेलेला नसतानाही टेस्ट न चालण्याचे प्रकार होतात, आणि मला भीती त्यांची वाटते.

आमच्याकडे एकदा एका टॅगचं नाव बदललं. रात्रीचा जॉब जुन्या टॅगने टेस्ट निवडत होता. पेमेंटच्या टेस्ट निवडल्याच जाईनात. फेल शून्य, डॅशबोर्ड हिरवा, सगळे खूश. एक दोष पुढे निसटला तेव्हा कोणीतरी विचारलं, ‘याची टेस्ट होती ना?’ होती. ती अकरा दिवस चाललीच नव्हती. डेटाबेसमध्ये प्रत्येक निकाल बरोबर होता. जे नव्हतं, ते दाखवणारं मात्र काही नव्हतं.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी करतो. पहिली, रनची ओळ सुरुवातीलाच टाकतो, स्थिती ‘सुरू’. शेवटी ती ‘पूर्ण’ होते. ठरलेल्या वेळेत जी पूर्ण झाली नाही, ती ‘अर्धवट’. रिपोर्ट आल्यावरच रनची ओळ तयार केली, तर मेलेल्या रनचा मागमूसही राहत नाही.

दुसरी, टेस्ट चालवण्याआधी निवडलेल्या टेस्टची यादी घेतो. पायटेस्टला न चालवता नुसती यादी मागता येते. त्या यादीतल्या प्रत्येक टेस्टसाठी ‘अपेक्षित’ टेबलात एक ओळ पडते. रन संपला की अपेक्षितला निकाल डाव्या बाजूने जोडायचा (लेफ्ट जॉइन). जिथे निकाल नल, ती ‘चाललीच नाही’. रन मेल्याचं प्रकरण एवढ्याने सुटतं.

टॅगचं प्रकरण यानेही सुटत नाही, कारण यादीच चुकीची निघते. त्यासाठी तिसरी गोष्ट, एक क्वेरी: मुख्य ब्रँचवर गेल्या १४ दिवसांत जिला एकदा तरी निकाल मिळाला, पण गेल्या तीन दिवसांत एकही नाही, अशी प्रत्येक टेस्ट. रोज सकाळी ही यादी टीमच्या चॅनेलवर जाते. कोणी मुद्दाम टेस्ट काढली असेल, तर ‘टेस्ट’ टेबलात ‘निवृत्त’ तारीख घालतो आणि ती यादीतून जाते. जुने निकाल तसेच राहतात.

साधनांच्या सवयीही जाणून घ्या. एकही टेस्ट सापडली नाही तर पायटेस्ट ५ हा एक्झिट कोड देतो आणि बिल्ड पडतं. शुअरफायर मात्र सेटिंग न बदलता तसा विरोध करत नाही. स्किपकडेही याच नजरेने पाहा. महिनोन्‌महिने स्किप असलेली टेस्ट आणि नसलेली टेस्ट यांत वापरणाऱ्याला काही फरक पडत नाही.

११. लॉग आणि स्क्रीनशॉट डेटाबेसमध्ये ठेवावेत का?

स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ नकोत. ते ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, डेटाबेसमध्ये फक्त पत्ता. फेलचा मेसेज आणि स्टॅक ट्रेस ठेवा, पण काही केबीवर कापा आणि कापल्याची खूण करा.

भरताना दोन अक्षरं त्रास देतात. पोस्टग्रेसचा टेक्स्ट प्रकार शून्य बाइट घेतच नाही. एखाद्या टेस्टने बायनरी माहिती छापली की ती ओळ नाकारली जाते, आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये भरत असाल तर सगळा रन परत फिरतो. दुसरं, रंगीत लॉगमधलं एस्केप अक्षर एक्सएमएल १.० मध्ये निषिद्ध आहे, त्यामुळे ते तसंच लिहिलं गेलं तर फाइलच वाचता येत नाही. दोन्ही भरण्याआधी काढून टाका.

लॉगमध्ये टोकन, पासवर्ड, ग्राहकांचे फोन नंबर असतात, हेही विसरू नका. बिल्डच्या फोल्डरमधला लॉग काही दिवसांनी जातो, डेटाबेसमधला वर्षानुवर्षं राहतो आणि बॅकअपमध्येही जातो. साठवण्याआधी गाळा.

१२. डेटा किती वाढेल? जुना कधी काढायचा?

हिशेब करून पाहा. ४,००० टेस्ट आणि दिवसाला ६० रन म्हणजे रोज २,४०,००० ओळी, वर्षाला ८ कोटी ७६ लाख. ओळ १०० बाइटची धरली तर इंडेक्स सोडून पावणेनऊ जीबी. टेस्टचं १२० अक्षरांचं नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहिलंत, तर आणखी साडेदहा जीबी. प्रश्न २ मधलं वेगळं ‘टेस्ट’ टेबल एवढ्याने वसूल होतं.

आयडी मोठ्या पूर्णांकाचा, म्हणजे बिगइंट ठेवा. साधा पूर्णांक २१४ कोटी ७४ लाखांवर संपतो. वरच्या हिशेबाने तो चोवीस वर्षं पुरेल असं वाटतं, पण त्याच टेस्ट पाच ब्राउझरवर चालवल्या तर पाच वर्षांच्या आत संपतो. शिवाय पोस्टग्रेसमध्ये संघर्षामुळे न भरल्या गेलेल्या ओळीही सीक्वेन्समधला (आयडी देणाऱ्या मालिकेतला) आकडा खातात.

जुनं काढायचं असेल तर सुरुवातीपासून महिनावार पार्टिशन (टेबलाचे तुकडे) करा. पोस्टग्रेस १० पासून ते सरळ करता येतं. कोट्यवधी ओळी डिलीट करून व्हॅक्यूमची (पोस्टग्रेसच्या साफसफाईची) वाट पाहण्यापेक्षा जुनं पार्टिशन टाकून देणं क्षणाचं काम आहे. त्याची किंमत अशी की युनिक बंधनात पार्टिशनचा कॉलम असावाच लागतो, म्हणून रनची तारीख निकालाच्या ओळीतही लिहावी लागते. मायएसक्यूएलमध्ये पार्टिशन केलेल्या इनोडीबी टेबलाला फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारं बंधन) लावता येत नाही. आम्ही स्टॅक ट्रेस तीन महिने, निकाल दोन वर्षं आणि दर टेस्टचा रोजचा सारांश कायम ठेवतो.

१३. टेस्टला लागलेला वेळ कसा साठवू?

पूर्णांकात, मिलिसेकंदांत. एक्सएमएलमध्ये तो सेकंदांत येतो, आणि काही साधनं हजारानंतर स्वल्पविराम देतात. तो काढला नाही तर ‘१,०१२.३’ वाचताना पार्सर अडतो किंवा त्याचा एकच सेकंद धरतो. कल पाहताना सरासरीपेक्षा मध्यक (मीडियन) आणि ९५ वा शतमक (पर्सेंटाइल) पाहा. ग्रेडल या बिल्ड साधनाने कॅशमधून आणलेले निकाल वेगळे ओळखता आले पाहिजेत. त्या टेस्ट आज चाललेल्याच नसतात, त्यांचा वेळ जुना असतो.

१४. एसक्यूलाइट या एका फाइलमधल्या डेटाबेसवर भागेल का?

एकाच मशीनवरून भरत असाल तर छान भागेल. त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो. वीस शार्ड एकदम लिहायला आले की रांग लागते. फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून सगळ्यांना वाटण्याचा विचार करू नका, त्याचा डब्ल्यूएएल (बदल आधी लॉगमध्ये लिहिण्याचा) मोड तिथे चालत नाही.

१५. निकालांचा डेटाबेसच बंद असेल, तर बिल्ड फेल करायचं का?

नाही. डेव्हलपरचा कोड बरोबर असताना आमच्या डेटाबेसमुळे त्याचं मर्ज अडलं, तर लोक हा डेटाबेस काढून टाकायला सांगतील, आणि ते रास्तच असेल. टेस्टच्या प्रक्रियेतून थेट डेटाबेसमध्ये लिहूच नका. रिपोर्टची फाइल ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये टाका, वेगळा जॉब ती उचलून भरेल. डेटाबेस दोन तास बंद असला तर निकाल दोन तास उशिरा येतील, एवढंच. प्रश्न ८ मधली बंधनं असतील तर तोच रिपोर्ट पुन्हा भरण्याची भीती राहत नाही.

१६. कोणाच्या कमिटमुळे किती टेस्ट पडल्या, अशी यादी मॅनेजर मागतात. काढून देऊ?

मी देत नाही, आणि का ते स्पष्ट सांगते. ती यादी खोटी असते. एका रनमध्ये पाच जणांचे कमिट असतात, फेलपैकी काही फ्लेकी असतात, काही टेस्ट वातावरणामुळे पडतात. शिवाय अशी यादी एकदा फिरली की लोक आपल्या ब्रँचवर टेस्ट चालवणं कमी करतात, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ती माहितीच यायची थांबते. त्याऐवजी मॉड्यूलनुसार यादी द्या: कुठे फेल जास्त, कुठे फ्लेकी जास्त, कुठे दुरुस्तीला दिवस लागतात. काम कुठे करायचं, हे त्यातून कळतं.

१७. ‘आधी पास होती, आता फेल’ हे शोधताना क्वेरी चुकीचा कमिट दाखवते. असं का?

तुम्ही रन संपल्याच्या वेळेने क्रम लावला असणार. जुन्या कमिटचा हळू रन नव्या कमिटच्या जलद रननंतर संपतो, आणि क्रम उलटा होतो. कमिटच्या तारखेवरही विसंबू नका. रीबेसनंतर (कमिट नव्याने रचल्यावर) ती पुढेमागे होते आणि प्रत्येकाच्या मशीनचं घड्याळ वेगळं असतं.

रनची ओळ टाकतानाच त्या कमिटचा मुख्य ब्रँचवरचा क्रमांक गिटकडून मोजून घ्या, मर्जमध्ये पहिल्या पालकाचीच साखळी धरून, आणि तो पूर्णांक म्हणून साठवा. मग त्याच वातावरणातली, त्याच टेस्टची आधीची ओळ लॅग या विंडो फंक्शनने पाहा. त्यात फक्त पास आणि फेल घ्या, स्किप आणि अर्धवट रन गाळा. आणि उत्तर एका कमिटचं न देता पट्टा म्हणून द्या: ४१२ वर पास, ४१९ वर फेल. मधले सहा कमिट स्वतंत्र चाललेच नसतील, तर ४१९ च्या लेखकाला फोन लावण्याआधी ४१५ वर तीच टेस्ट तीनदा चालवून पाहा.